बाई, आमी आलो!

रंगुबाईंनी समुद्र बघायचं काढलं, तेव्हा घरात कुणालाच ते खरं वाटलं नाही. वैशाखाचे दिवस होते, जेवणं उरकून सगळे अंगणात वाऱ्याला बसले होते, आणि म्हातारी एकदम म्हणाली, "वैजू, मला समुद्र दाव."

"समुद्र?" वैजनाथच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "आये, मुळा धरन दावतो की. सकाळी जाऊ, दिवेलागनीला माघारी."

"धरनाला पल्याडचा काठ दिसतो. मला काठ नसल्यालं पानी बघायचंय."

तिसगावच्या अलीकडच्या या वस्तीवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात बायकांचा अर्धा दिवस जातो. तिथल्या बाईला असली इच्छा व्हावी यात नवल नव्हतं. नवल इतकंच की रंगुबाईंनी आजवर कुठं जायचं म्हणून कधी तोंडच उघडलं नव्हतं. त्या फिरल्या नव्हत्या असं नाही. उभी हयात ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसायचं, कारखाना नेईल तिकडं जायचं, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की होळीच्या मागंपुढं घरी यायचं. सांगली पाहिली, कोल्हापूर पाहिलं, पार कर्नाटकातही जाऊन आल्या. पण जिथं गेल्या तिथं ऊसच बघितला. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कोयता सुनेच्या हाती दिला आणि घर धरलं.

ही सून म्हणजे सविता. तिनंही नवऱ्याच्या जोडीनं बरेच हंगाम काढले. पुढं वैजनाथनं जुनी जीप घेतली, तिसगाव ते नगर प्रवासी भरू लागला, आणि या घराचा कोयता खुंटीला लागला. सविता सासूचं बोलणं ऐकून हसली आणि म्हणाली, "जाऊन या तुमी समदी. आपल्या आरतीलाबी शाळंची सुट्टी हाय. मी ऱ्हाते घरी. कोंबड्या हायेत, शेळी हाय."

"तू न्हाई तर मी न्हाई," रंगुबाई म्हणाल्या.

"अवो आत्याबाई, पर घराकडं कोन बघंल?"

"घर कुटं पळून चाललंय? आदिनाथ हाय पल्याड. शेळीला त्यो घास टाकील."

'पल्याड' हा शब्द निघाला आणि सगळ्यांचीच नजर अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या पत्र्यांकडं गेली.

पत्र्यापलीकडं वैजनाथचा थोरला भाऊ आदिनाथ आणि त्याची बायको जया राहत होते. पूर्वी तिथं पत्रे नव्हते. गुडघाभर उंचीची दगडी ताल होती, आणि तिच्यावर बसून दोघी जावा एकमेकींच्या उवा बघायच्या, शेंगा फोडायच्या, सासूच्या चुगल्या करायच्या. जयाला मूल झालं नाही. पण सवितानं ऊसतोडीला जायचं म्हटलं की मागं आरतीला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न या घराला कधी पडला नाही. आरती अर्धं वर्ष आईची आणि अर्धं वर्ष मोठ्या आईची. तिला भाकरी थापायला जयानं शिकवलं, शाळेच्या दारात जयानं सोडलं, गोवर आला तेव्हा उशाशी जया बसली. सविता तेव्हा उसाच्या पाचटाच्या कोपीत राहून उसाच्या मोळ्या बांधत होती.

आणि दरसाल परत यायचा तो दिवस कसा असायचा! ट्रॅक्टर वस्तीच्या वळणावर आला की सविता मोळीसारखं बांधलेल्या संसारावर उभी राहून थोरल्या जावेला हाळी द्यायची, "बाई, आमी आलो!" की जया हातातलं काम टाकून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत यायची. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही या घराची रीत. सहा महिन्यांत वाटेवर, फडात, कोपीत काय काय लागलं असेल, कुणाची नजर, कुठला वारा, ते सगळं त्या तुकड्याबरोबर वाटेच्या दोन्ही कडांना फेकून द्यायचं. ओवाळायचं मात्र मागं राहिलेल्या घरच्या बाईनंच.

तीन वर्षांमागं याच रीतीनं घर मोडलं.

त्या साली ट्रॅक्टर आला, सवितानं हाळी दिली, आणि कुणीच आलं नाही. रंगुबाई आरतीला घेऊन जामखेडला लेकीकडं गेल्या होत्या, आदिनाथ बाजाराला, आणि जया मागच्या वावरात गायीला गवत कापत होती. तिच्या कानावर हाक गेलीच नाही. पण सविताला काय ठाऊक? ती फुगून बसली. ट्रॅक्टरवाला सामान उतरवा म्हणून घाई करत होता. शेवटी वैजनाथनं टोपल्यातली शिळी भाकरी काढली, तुकडा मोडला, सगळ्यांभोवती गरागरा फिरवला आणि, गड्यानं बायकांच्या कामात हात घातला की व्हायचं तेच झालं, दिला भिरकावून दगडी तालीवरून. तो पडला बरोबर जयाच्या गव्हाणीत. आणि गायीनं तो खाल्ला.

गाय गाभण होती. आठवड्याच्या आत ती गाभडली.

जया तालीवर येऊन रडत म्हणाली, "सहा महिन्याचं तुमच्या वाटंचं समदं माज्या गायीच्या पोटात घातलं गं तुमी!" सवितानं तिथंच पाय धरायला हवे होते. पण हाळी देऊन कुणी आलं नाही याचा राग मनात होता, प्रवासानं अंग आंबलं होतं, आणि नवऱ्याला कुणी बोललेलं तिला खपत नसे. ती म्हणाली, "माजी पोरगी मी बघीन, तुमची गाय तुमी बघा."

तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो. जयाच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी आदिनाथनं पत्रे आणून उभे केले.

भावाभावांचं बोलणं तुटलं नाही. ते तिसगावात हॉटेलात बसून चहा पीत आणि घरी आल्यावर भेटलोच नाही असं दाखवत. आरती दोन्ही घरी जेवायची, रंगुबाई दोन्ही घरी झोपायच्या. तुटलं ते दोघी जावांचं. आणि सविताला ते रोज जाणवायचं. पत्र्यापलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, भाजी फोडणीला पडल्याचा वास यायचा, आणि इकडून एक शब्द बोलता यायचा नाही. कितीदा तिनं मनाशी ठरवलं की आज बोलायचं. पण पत्र्याशी काय बोलणार?

तर अशी ही गोष्ट. आणि आता म्हातारी हटून बसली होती की सगळ्यांनी यायचं.

शेवटी निघाले. सवितानं सामान असं बांधलं की वैजनाथनं कपाळावर हात मारला. बाजरीचं पीठ, तवा, काठवट, स्टो, चटणीचा डबा, मीठ, पाण्याची कळशी, गोधड्या. "आगं, हंगामाला चाललोय का आपुन?" तो म्हणाला. पण जीपच्या सीटखाली त्यानं स्वतः कोयता ठेवला होता, तो आरतीनं काढून दाखवला. "पप्पा, हे कशाला?" वैजनाथ ओशाळला. "अगं, हात जातोच त्याच्याकडं," म्हणाला आणि परत सीटखाली सारला. निघताना शेजारची बनुबाई दारात आली होती. "रंगुआत्या, माघारी आला की मी ओवाळीन. काळजी करू नगा," ती म्हणाली. रंगुबाईंनी नुसती मान हलवली. होय म्हणाल्या की नाही, ते बनुबाईला कळलं नाही.

नगर सोडलं, पुणं मागं टाकलं, ताम्हिणीचा घाट उतरला. वैजनाथच्या पायाला जीप चालवायची एकच तऱ्हा ठाऊक होती. रस्त्याकडेला माणूस दिसला की ब्रेक. कोकणात एका वळणावर टोपली घेतलेली बाई उभी होती, तर यानं जीप थांबवून मान बाहेर काढली आणि ओरडला, "भिंगार, नगर, नगर!" ती बाई घाबरून चार पावलं मागं सरली. आरती हसून हसून सीटखाली घसरली.

श्रीवर्धनजवळच्या एका गावात नारळाच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या. संध्याकाळी सगळे वाळूत गेले. रंगुबाई काठी टेकत पाण्यापाशी उभ्या राहिल्या. लाट आली, पाय भिजवून गेली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिलं आणि विचारलं, "वैजू, ह्याचा मालक कोन?"

"समुद्राचा? कुनीच न्हाई, आये."

"कुनीच न्हाई?" त्यांना ते पटेना. जन्मभर त्या ज्या हिरव्या फडात उभ्या राहिल्या, त्याला कुणी ना कुणी मालक होता. मग त्या वाळूत बसल्या आणि अंधारून येईपर्यंत उठल्या नाहीत. हात धरून न्यावं लागलं.

चार दिवस सुखात गेले. सवितानं वाडीत स्टो पेटवून भाकरी केल्या, वाडीवाल्याच्या बायकोनं बदल्यात सोलकढी दिली. वैजनाथ पहिल्या दिवशी काम नाही म्हणून कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोयता काढला आणि वाडीत पडलेली शहाळी अशी सपासप सोलून ठेवली की वाडीवाला बघत राहिला. आरतीनं मोबाईलवर समुद्र धरून मोठ्या आईला दाखवला. सविता जवळच बसून भांडी घासत होती. मोबाईलमधून जयाचा आवाज आला, "अगं बया, केवढं पानी! आजी बरी हाय का? पाय सुजले न्हाईत ना?" सवितानं घासलेलंच ताट पुन्हा घासलं. 'आणि तुझी आई?' एवढं एक वाक्य यावं म्हणून ती कान लावून होती. ते आलं नाही. तिला रडू आलं, पण समुद्राकडं तोंड केलं की वाऱ्यानंही डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ती एकटीच "जरा बघून येते" म्हणून कोळीवाड्याकडं गेली. तिथं काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. तिच्या घरात कुणी मासळी खात नाही. सासू माळकरी, नवऱ्यानं आईसाठी सोडलेली, आरतीला वास सहन होत नाही. खाणारी एकच होती, जया. तिचं माहेर जायकवाडीच्या पाण्याकाठी. पोटात मासळी गेली नाही तर तिला करमायचं नाही. मग सासू देवळात गेली की जया चुलीत बोंबील भाजायची आणि सविता दारात बसून राखण करायची. सासूची काठी वाजली की सविता मोठ्यानं खोकायची. किती वर्षं हा धंदा चालला होता!

सवितानं बोंबलाची जुडी घेतली. का घेतली ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. तीन पिशव्यांत गुंडाळली, वर जुनं लुगडं गुंडाळलं आणि पिठाच्या पोत्यात तळाशी दाबली.

पण बोंबील तो बोंबील. ताम्हिणी चढताना ऊन तापलं आणि जीपमध्ये वास उठला.

"हे काय वास मारतंय गं?" वैजनाथनं नाक वर केलं. "उंदीर मेला काय कुटं?" त्यानं जीप थांबवून बॉनेट उघडलं, चाकं पाहिली, सीट उचलल्या. आरती ओढणी तोंडावर दाबून आईकडं टक लावून बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं. सविताच्या कपाळाला घाम फुटला.

"आये, तुला येतोय का वास?"

"मला?" रंगुबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या. "मला सर्दी झालीया. मला काय वास येत न्हाई."

वैशाखात म्हातारीला सर्दी कुठून झाली, हे विचारायचं सविताला सुचलं नाही. ती सुटकेचा श्वास सोडण्यात गुंतली होती.

उन्हं कलताना नगर आलं. भिंगारला चहाला थांबले, तेव्हा वैजनाथ बाजूला जाऊन भावाला फोनवर सांगत होता, "भिंगारात हाय, घाट चढलो की आलोच." सवितानं कपातला चहा फुंकला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, पोचेस्तोवर दिवेलागन व्हईल. बनुबाई हाय म्हना ओवाळायला."

"बनुबाई?" रंगुबाईंनी कप खाली ठेवला. "बनुबाई शेजारची हाय. घरची न्हवं."

"मग कोन हाय आपल्याकडं? समद्या बाया तर जीपमधीच हायेत."

"समद्या न्हाईत," म्हातारी शांतपणे म्हणाली. "घरच्या बाईनं ओवाळल्याबिगर मी जीपमधून खाली उतरायची न्हाई. एवढी वर्सं तशीच आले, आता म्हातारपनी रीत मोडू व्हय?"

आता कुठं सविताच्या डोक्यात प्रकाश पडला. 'तू न्हाई तर मी न्हाई' कशासाठी होतं ते आत्ता कळलं. म्हातारीला समुद्र बघायचा होता, यात खोटं काहीच नव्हतं. पण घर सोडून सगळ्या बायका बाहेर पडल्याशिवाय मागं एकटी जया राहणार नव्हती, आणि लांबून परत आल्याशिवाय कुणाला ओवाळायची वेळ येणार नव्हती. बसल्या जागी म्हातारीनं एवढं जुळवून आणलं होतं.

करंजीच्या घाटात सविताला सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. जीप दारात उभी आहे, वस्ती गोळा झाली आहे, आपण हाक मारतो आहोत आणि पत्र्यापलीकडून कुणीच येत नाही. तीन वर्षांमागं निदान जयाला ऐकू आलं नव्हतं. आज ऐकू येऊन ती आली नाही तर? मग काही उरणार नाही. मग आयुष्यभर पत्राच. तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं की घाट जरा लांबव. पण तिसगाव आलं, आणि वस्तीचं वळणही आलं.

जीप दारात थांबली. बनुबाई भाकरीचा तुकडा घेऊन उभीच होती. "आला का गं बायांनो! थांबा, थांबा, पाय खाली टाकू नगा."

"बनू, तुजी भाकर तुज्या घरी ने," रंगुबाई जीपमध्ये बसूनच म्हणाल्या. "तुजी माया कळली मला. पर घरच्या बाईचं काम हाय ह्ये."

बनुबाईचा हात तसाच राहिला. तिनं पत्र्याकडं पाहिलं, सविताकडं पाहिलं, आणि शहाणी बाई, दोन पावलं मागं सरून उभी राहिली. वैजनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. आपण भिरकावलेल्या तुकड्यानं हे सगळं झालं, ही गोष्ट तो तीन वर्षांत विसरला नव्हता. आरतीनं आईचा हात दाबला.

सविता जीपच्या पायरीवर उभी राहिली. पूर्वी ट्रॅक्टरमधल्या सामानावर उभी राहायची तशी. पत्र्यापलीकडं दिवा लागलेला दिसत होता. माणसाची चाहूल नव्हती.

"बाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि होता नव्हता तो जीव आवाजात घातला.

"बाई, आमी आलो!"

पलीकडचं फाटक लगेच करकरलं.

इतक्या लगेच, की जया फाटकाला हात लावूनच उभी असली पाहिजे. ती वाटेवरून वळसा घालून आली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. तुकड्यातून वाफ निघत होती. म्हणजे भाकरी आत्ताच तव्यावरून उतरली होती, आणि जीप घाट चढली तेव्हाच कुणी चूल पेटवली होती.

"कवाची हुबी हाय मी," जया म्हणाली. ती सविताकडं बघत नव्हती, तांब्याकडं बघत होती. "पर हाक आल्याबिगर कशी येऊ?"

सविताला वाटलं, तीन वर्षं आपण पत्र्याकडं बघत राहिलो, आणि हाक एवढी सोपी होती.

जयानं आधी सासूला ओवाळलं, मग दिराला, मग आरतीला. आरतीच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. सवितापाशी आली तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिनं तुकडा सावकाश दोनदा फिरवला. तांब्यातलं पाणी सगळ्यांच्या पायांवर ओतलं. मग वाटेच्या मध्ये जाऊन तिनं तुकड्याचे दोन भाग केले, एक डावीकडं टाकला, एक उजवीकडं. आणि वळून दिराला म्हणाली, "भावजी, नीट बघून घेतलं का? असं टाकत्यात."

वैजनाथनं दोन्ही हातांनी कान धरले. बनुबाई खो-खो हसत सुटली. आदिनाथ फाटकात येऊन उभा होता, तोही हसला. रंगुबाई काठी टेकत खाली उतरल्या आणि काही झालंच नाही अशा थाटात घरात गेल्या.

सामान उतरू लागलं. जया रिकामा तांब्या घेऊन परत जायला निघाली. तेव्हा सविता धावली.

"बाई, थांबा. आत चला."

"येते की मागून. चूल पेटती हाय."

"न्हाई. आत्ता चला. पर हितंच थांबा जरा." सवितानं गाठोड्यातून सकाळची, कोकणात केलेली भाकरी काढली, तुकडा मोडला. आरतीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. आणि आपल्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या केलेल्या जयाला ती ओवाळू लागली.

"अगं येडी का खुळी!" जया म्हणाली. "मी कुटं गेल्ते गावाला?"

"तीन वर्सांनी आलाय तुमी ह्या दारात," सविता म्हणाली. हात फिरत राहिला. "मी बोलले ते… पोरगी तुमचीबी हाय, बाई. पयल्यापास्नं हाय."

जयानं पदर तोंडात धरला आणि तशीच उभी राहिली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओवाळणं काही संपत नव्हतं. शेवटी वैजनाथ भीत भीत म्हणाला, "आता टाका की त्यो तुकडा. पर पत्र्यावरून नगा."

सवितानं वाटेवर जाऊन दोन्ही कडांना तुकडे टाकले. मग जयाच्या पायांवर पाणी घातलं, आणि घालता घालता वाकून पाय धरले. जयानं तिला दंडाला धरून उठवलं. दोघी आत आल्या.

आत आल्या आल्या जया थबकली. तिनं नाक वर केलं. "सविता, ह्यो वास कशाचा गं?"

सविता चपापून सासूकडं बघू लागली. रंगुबाईंनी देवळीतलं निरांजन घेतलं होतं, वात नीट केली, आणि काठी उचलली.

"मी देवळात जाऊन येते," त्या म्हणाल्या. "आज जरा निवांत बसंन. ते पिठाचं पोतं आदी मोकळं करा, न्हाईतर पिठाला वास लागंल. आन् सविते, दारात बसून खोकायचं काय कारन न्हाई आता. म्हातारी झाले, बहिरी न्हाई झाले."

दोघी जावा एकमेकींकडं बघतच राहिल्या. इतकी वर्षं! म्हातारीला सगळं ठाऊक होतं, आणि देवळात ती एवढा वेळ का बसायची, तेही आत्ता कळत होतं. काठीचा आवाज वाटेनं लांब गेला. आधी जया हसली, मग सविता, आणि मग दोघींना आवरेना.

जयानं पल्याडच्या आपल्या चुलीतले निखारे आणून सविताच्या चुलीत घातले. बोंबलाची जुडी सोडली. आणि सविता, आता राखण करायला कुणी सांगितलेलं नसताना, उठून दारात जाऊन बसली.